गोवरीमुक्त गावातले रोडगे

अखिल मानवजातीला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पृथ्वीचं वाढतं तापमान रोखण्यासाठी मी डिझेल इंजिनांच्या दुकानातली पक्की नोकरी सोडली.

मानवजातीने याची दखल घेतली नाही. सासऱ्यांनी घेतली.

गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. सिंदी रेल्वे नावाच्या गावच्या बाजारात एका सेठजींचं इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. तिथे मी शेतकऱ्यांना डिझेल इंजिनं विकायचो. इंजिन चालू करून दाखवलं की असा काळा धूर निघायचा, की गिऱ्हाईक एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि सौदा मधे कुठेतरी हरवलेला! ही नोकरी मला सासऱ्यांनी सेठजींकडे शब्द टाकून मिळवून दिली होती. (आधी नोकरी दिली, मग मुलगी दिली. हा क्रम पुढे माझ्या फार अंगाशी आला.)

एके दिवशी आमच्या गावात वर्ध्याच्या एका संस्थेच्या मालतीताई आल्या. पांढरीशुभ्र खादीची साडी, बारीक आवाज आणि हातात पृथ्वीचं एक मोठं रंगीत चित्र. धुरानं आभाळ कसं तापतंय, शेण चुलीत घालण्याऐवजी गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर चूलही पेटते, खतही वाचतं आणि आभाळही कसं निवतं, ते त्यांनी समजावून सांगितलं. भाषण संपल्यावर लोक घरी गेले. मी पेटलो. महिन्याभरात मी दुकान सोडून त्यांच्या संस्थेत रुजू झालो. काम एकच, घरोघर फिरून लोकांना गोबरगॅस बांधायला लावायचा.

बायकोला सांगितलं. कुंदा तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने खडा उचलला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबाले तुम्हीच सांगजा."

आता मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची ओळख करून देणं भाग आहे. मामाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण उतरले नाहीत. घरात चार माणसं दारात उभी असली की, "पुढं सरका, पुढं सरका, मधात जागा हाय!" असं ते अजून ओरडायचे. माझ्या स्कूटरवर मागे बसले की खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा आणि दोन थापा म्हणजे चला. तोंडाने काही सांगायचे नाहीत. आयुष्यभर घंटीची दोरी ओढलेला माणूस, त्याला ड्रायव्हरशी बोलायची सवय नव्हती.

बातमी कळताच ते समुद्रपूरच्या गाडीने आले.

"जवाईबुवा, पृथ्वी तापून राह्यली म्हणे?"

"हो ना मामाजी!" मला वाटलं, समजलं यांना.

"आन् हे सांगाले नोकरी सोडली तुम्ही? वर्ध्यातल्या माणसाले? अजी, मे महिन्यात आमच्या डेपोत गाडीचं स्टिअरिंग हाती धरवत नाई! हे आम्हाले सांगाले माणूस ठेवा लागते का?"

मी ताईंकडून आणलेलं पृथ्वीचं रंगीत चित्र बाहेर काढलं. त्यांनी ते उलटं धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. जाताना मात्र गावच्या मारुतीसमोर उभे राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलले, "बजरंगा, डोकं ठिकाणावर येऊ दे, साऱ्यायले रोडगे घालीन!"

दुसरा हिवाळा लागला तरी माझं डोकं होतं तिथेच होतं. तेव्हा मामाजींनी ठरवलं की नवस आधीच फेडून टाकायचा. (तिकीट आधी, प्रवास नंतर. धंद्याचा संस्कार!) कुंदाकडून निरोप आला तो असा: येत्या रविवारी आपल्याच अंगणात रोडगे. सेठजींनाही बोलावलं आहे. सेठजींनी माझी जागा अजून भरलेली नाही. जेवणं झाली की तिथेच सगळ्यांसमोर मला विचारणार, आणि मी हो म्हणणार.

"आणि मी नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"बाबा इकडचा रस्ता सोडून देतीन," कुंदा म्हणाली. मग जरा थांबून, हळूच, "तुम्हाले ते काम आवडते, मले दिसते ना. पण बाबानं येणं सोडलं तं मले नाई चालाचं." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

आता शहाणा माणूस असता तर त्याने त्या रविवारी तोंड बंद ठेवून वांगी चिरली असती. मी काय केलं? मी मालतीताईंनाही जेवायला बोलावलं! एवढंच नाही, छाती फुगवून म्हणालो, "ताई, या रविवारी तुम्हाला बिनधुराचे रोडगे खाऊ घालतो." ताई खूश झाल्या. बिनधुराचे रोडगे कसे करतात, हे त्यांनी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी मामाजी कणीक, तूप आणि पिशवीभर वांगी घेऊन आले. रविवारी सकाळीच कुंदाने जाडसर कणीक भिजवली, तुपाचा हात लावून पदर घातले आणि गोल गोल रोडगे वळून परातीत मांडले. कंदिलाच्या काचेएवढा एकेक! मामाजींनी धोतर खोचलं, अंगणाच्या मधोमध जागा झाडली, बाह्या सारल्या आणि हुकूम सोडला, "आणा गोवऱ्या."

कुंदाने माझ्याकडे बघितलं.

रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. फक्त गोवऱ्यांचा ढीग जिथे असायचा तिथे गेल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने गोबरगॅस बांधला होता, हे त्या क्षणी आठवलं. आमच्या म्हशीचं शेण वर्षभर टाकीत जात होतं. घरात औषधाला गोवरी नव्हती.

"गोवऱ्या कायले पाहिजेत मामाजी?" मी हसत म्हणालो. "आता गॅस आहे ना! त्याच्यावर करू."

एक रोडगा कढईत झाकून गॅसवर ठेवला. बऱ्याच वेळाने काढला. बाहेरून कोळसा, आतून कच्ची कणीक. मामाजींनी तो ओट्यावर आपटून पाहिला. ओट्याचा टवका उडाला.

"हा बजरंगाले वाहाचा हाय," त्यांनी शांतपणे विचारलं, "का त्याच्या गदेले लावाचा हाय?"

मी मग संस्थेची सूर्यचूल काढली. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. दोन रोडगे आत ठेवले आणि आरसा सूर्याकडे वळवला. सूर्य हिवाळ्यातला होता. त्याचं स्वतःचंच भागत नव्हतं.

"केव्हा होतीन?"

"दिवस मावळेपर्यंत नक्की होतील."

"सेठजी दुपारी येऊन राह्यले, जवाईबुवा! त्यायनं तोवर काय करावं? आरशात भांग पाडावा?"

कुंदाने तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं वाटून मी घाबरलो. हसत होती. मग पदर काढून म्हणाली, "गावात चार घरी विचारा न. इतकं मोठं गाव हाय, एका पोत्यापुरत्या गोवऱ्या नाई भेटणार का?"

मी स्कूटर काढली. मामाजी मागे बसले, मांडीवर दोन रिकामी पोती. खांद्यावर दोन थापा पडल्या. डबल बेल!

पहिलं घर सरपंचबाईंचं. "गोवऱ्या?" बाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "अजी भाऊ, सारं शेण तं तुमच्या टाकीत जाते! या, बसा, चहा मांडतो. पाहा कसा झटकन होते." गॅसची निळी ज्योत मामाजींना हाताला धरून दाखवली. चहा घेतला. दोन थापा.

दुसरं घर. इथल्या काकू माझ्या प्रत्येक सभेला पुढे बसायच्या. मी "गोवऱ्या" एवढंच म्हणालो आणि त्यांनी माझंच घोषवाक्य माझ्याच सुरात म्हणून दाखवलं, "बायांनो, गोवरी जाळता म्हणजे खत जाळता, डोळे जाळता आन् आभाळ जाळता! असं कोण म्हणे जी? तुम्हीच ना? मंग आज काऊन गोवरी पाहिजे साहेबाले? आभाळ थंडं झालं का?" सुना आतून खिदळल्या. चहा आला. घ्यावा लागला. दोन थापा.

तिसऱ्या घरी पोहे. चौथ्या घरी पुन्हा चहा, वर आग्रह. गोवरी कुठेच नाही. आम्ही पुढे जावं आणि बातमी आमच्याही पुढे जावी! आम्ही वळणावर यायच्या आत बाया दारात उभ्या आणि घोषवाक्याचं सामुदायिक गायन सुरू! मी मान खाली घालून स्कूटर हाणत होतो. एवढ्या मेहनतीने गाव गोवरीमुक्त केलं आणि आता त्याच गावात गोवरीची भीक मागत होतो. मागे मामाजी प्रत्येक घराकडे वळून वळून पाहत होते.

पाचव्या घरी मात्र त्यांनी तोंड उघडलं. तिकीट तपासावं तसं घरच्या म्हातारीला विचारू लागले.

"खरंच पेटते का हे?"

"पेटते तं."

"दोन्ही टाईम?"

"दोन्ही टाईम. माह्ये डोळे गेलते धुरानं. आता सुईत दोरा ओवतो."

"ओवून दाखवा."

म्हातारीने खरंच सुई आणली. जरा चाचपडली, जीभ दातांत धरली, आणि दोरा ओवला. मामाजींनी सुई हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासली, परत केली, आणि समोरचा चहा न सांगता बशीत ओतून प्यायले. त्यांचा तो कितवा चहा होता कोणास ठाऊक. बाहेर आल्यावर पोटावर हात ठेवून म्हणाले, "जवाईबुवा, आता कोण्या घरी गोवरी भेटली नाई तं चालन. चहा नाई भेटला पाहिजे."

आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर जोरात एक थाप पडली. मी करकचून ब्रेक मारला.

"तिकडं धूर दिसून राह्यला!"

गावाच्या टोकाला, एका कौलारू घरामागून निळसर धूर वर जात होता. मी पाहिलं आणि माझ्या अंगाला घाम सुटला. ते घर शेवंताबाईचं होतं! शेवंताबाईचा गोबरगॅस म्हणजे मी बांधलेला गावातला पहिला. माझा मानाचा गणपती! बाहेरून कोणीही पाहुणे आले की मालतीताई त्यांना तिथेच न्यायच्या. त्या टाकीवर हात ठेवून उभा असलेला माझा फोटो संस्थेच्या भिंतीवर लावलेला होता.

"धूळ असेल मामाजी," मी म्हणालो.

"मी तीस वर्सं एसटीत काढले," मामाजी म्हणाले. "धूळ आन् धूर मले कळते." दोन थापा.

परसात शेवंताबाई चुलीपुढे बसून आरामात भाकरी थापत होती. चुलीत गोवऱ्या! मला पाहून तिचा हात भाकरीवरच थांबला.

"शेवंताबाई! गॅस?"

"हाय नं. कुठं गेला?"

"मग ही चूल?"

"साहेब, त्या गॅसवर माही भाकर फुगत नाई. मी पहिल्याच दिवशी पाह्यलं."

"अहो पण पाहुणे आले की तुम्ही चहा..."

"चुलीवरच करतो. तुम्ही सारे बाहेर टाकीपाशी फोटो काढत राह्यता, मले कोण पाहाले येते?"

मी मटकन ओट्यावर बसलो. मामाजींना मात्र पृथ्वीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "बाई, गोवऱ्या किती हायेत?"

शेवंताबाई उठली. माझ्या मानाच्या गणपतीजवळ गेली. गॅसच्या घुमटाला लागून शेणकाला बाहेर पडण्यासाठी एक टाकी बांधतात, वरून फरशीने झाकलेली. तिने फरशी सरकवली. आत, मी स्वतः उभं राहून गुळगुळीत प्लॅस्टर करून घेतलेल्या त्या टाकीत, तळापासून काठापर्यंत गोवऱ्या रचलेल्या होत्या. चवड अशी सुरेख, की कोणी पाहुणा आला असता तर मी तिचाही फोटो काढला असता.

मामाजींनी टाकीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टाकीत पाहिलं. मग रिकामं पोतं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "भरा."

"ताईले सांगू नका बरं साहेब," शेवंताबाई गोवऱ्या काढून देता देता म्हणाली. "मीबी कोणाले नाई सांगत. रोडगे खाले येतो फक्त."

परतीची मिरवणूक गावाने दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहिली. एक पोतं माझ्या पायांपाशी, एक मामाजींच्या मांडीवर, मधे घोषवाक्य!

पुढचं भराभर झालं. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. ढग उतरावा तसा पांढरा धूर अंगणात भरला आणि वर चढत गेला. सिंदीच्या स्टेशनमास्तरांनी गाडी आली असं समजून घंटा दिली असेल, इतका! आणि नेमक्या त्याच धुरातून खोकत खोकत दोन माणसं बाहेर आली. एक सेठजी, दुसऱ्या मालतीताई.

"क्या बात है!" सेठजी खोल श्वास घेऊन म्हणाले. "असली देसी धुवां!"

ताईंनी पदराने डोळे पुसले. "बिनधुराचे म्हणाला होतात ना?"

"ताई, ते... नवसाचं आहे," मी म्हणालो. "देवापुढे इलाज नाही." (मारुतीराया, त्या दिवशी तुझ्या खांद्यावर द्रोणागिरीपेक्षा जड ओझं मी दिलं. माफ कर.)

पंगत बसली. खरपूस रोडगे, राख झटकून, फोडून, वर तुपाची धार. वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण. ताईंनी डोळे पुसत पुसत दुसरा रोडगा मागून घेतला. शेवंताबाई त्यांच्याच शेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग सेठजींनी बोटं चाटली, समाधानाने मांडी सैल केली आणि विचारलं, "तो फिर भाऊ, उद्यापासून दुकानात येऊन राह्यले ना?"

कुंदा तूप वाढत होती. तिचा हात तसाच हवेत राहिला. तूप थेंब थेंब माझ्या पानाबाहेर पडत होतं. मी मामाजींकडे पाहिलं. घशातून "हो" वर यायला लागला होता, खरंच सांगतो.

"नाई," मामाजी म्हणाले. "तो नाई येत, सेठजी."

सगळी पंगत थांबली.

"सकाळपासून गावभर हिंडलो. गोवरी भेटत नाई! चहा पेऊन पेऊन पोटाचा हंडा झाला, पण गोवरी नाई. एक म्हातारी माह्यासमोर सुईत दोरा ओवते! ज्या माणसानं साऱ्या गावच्या गोवऱ्या संपवल्या, त्याले तुमच्या दुकानात इंजिनाचा धूर खाले बसवू मी?"

सेठजी हसले. "पण मग तुमचा नवस?"

"तो फिटला नं." मामाजींनी पाण्याचा घोट घेतला. "डोकं ठिकाणावर येऊ दे म्हणलो होतो. कोणाचं, ते कुठं म्हणलो होतो?"

आणि पंगतीतूनच हात लांब करून त्यांनी माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

कुंदाने उरलेलं सगळं तूप माझ्या पानात ओतलं. मला समोरचं काही नीट दिसेना. (धूर होता. तसं मी सगळ्यांना सांगितलं.) त्या क्षणी मी पृथ्वीच काय, शेजारचे दोन-तीन ग्रहही वाचवू शकलो असतो. सेठजींचं दार कायमचं बंद झालं होतं आणि त्याचं मला जराही दुःख नव्हतं. ताईंचेही डोळे पाणावले होते. भारावलेल्या आवाजात त्यांनी शेजारी बसलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आणि या पाहा आपल्या शेवंताबाई! यांच्याच अंगणातून आपण सुरुवात केली. सांगा बाई, सगळ्यांना सांगा, कसा आहे तुमचा गॅस?"

मी डोळ्यांनी खुणावलं. भुवयांनी खुणावलं. शेवटी वरणाचा डाव वाजवला. काही उपयोग झाला नाही. शेवंताबाईच्या तोंडात रोडगा होता, पोटात तूप होतं आणि मनात माझ्याबद्दल निखळ माया होती. पुढे ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, म्हणून माझी नोकरी वाचली. भिंतीवरचा फोटो मात्र दुसऱ्या दिवशी उतरला, आणि मला शेवंताबाईची भाकर गॅसवर फुगेपर्यंत रोज तिच्या चुलीपुढे बसण्याची ड्यूटी लागली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सेठजी, मामाजी, कुंदा आणि जेवायला बसलेली सारी आळी ऐकत असताना, शेवंताबाईने घास गिळला आणि ठणठणीत आवाजात साक्ष दिली:

"लय मजबूत बांधला जी साहेबानं! भर पावसाळ्यात एक गोवरी भिजत नाई!"